हो म्हणजे ऐकलं

सांगितलेल्या वेळी, म्हणजे बाराच्या ठोक्याला, पालुपी झेरॉक्सच्या दुकानात पोचली तेव्हा तिचा प्रबंध काल तिने ठेवला होता तिथेच, त्याच रबरबँडात, काउंटरच्या त्याच कोपऱ्यात पडलेला होता. नवं काही असेल तर वरच्या पानावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग. पाच प्रती, हिरवा कडक पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत नाव, असं तिने काल दोनदा बजावलं होतं, आणि दुकानाचे म्हातारे मालक पाक मार्सुदी दोन्ही वेळा मान लववून "इंग्गिह" म्हणाले होते. उद्या सकाळी दहाला तिची तोंडी परीक्षा होती. आता ते चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे इतक्या मायेने पाहत होते, की जणू विसरली होती ती तीच.

"काल तुम्ही हो म्हणालात," पालुपी म्हणाली.

"म्हणालो की. इंग्गिह म्हणालो."

"मग बाइंडिंग कुठंय?"

"मशीन रविवारपासून बंद आहे, म्बाक," ताई म्हणावं तशा अदबीनं ते म्हणाले.

"रविवारपासून! मग काल इंग्गिह कशाला म्हणालात?"

"तुम्ही एवढ्या आशेनं सांगत होता. तोंडावर नाही कसं म्हणायचं माणसाला?" पाक मार्सुदींनी खरोखर वाईट वाटल्यासारखे हात जोडले. "इंग्गिह म्हणजे ऐकलं, म्बाक. केलं, असं कुठं म्हणालो मी?"

रांगेत मागे उभी असलेली मुलगी खुदकन हसली. "इंग्गिह इंग्गिह, आणि माणूस सापडेना कुठं! आमच्याकडं म्हणच आहे तशी. तू जकार्ताकडची का गं?"

"बेकासीची."

"तेच ते," मुलगी म्हणाली, आणि आपले कागद पुढे सरकवून मोकळी झाली.

राग यायचा तो आलाच. योग्यकार्ता शहरात राहून पालुपीला चार वर्षं होत आली होती, आणि या चार वर्षांत या मऊ बोलणाऱ्या लोकांचा राग तिला रोज एकदा तरी यायचा, जेवणासारखा. पण आज रागाच्या मधोमध 'केलं, असं कुठं म्हणालो मी' एवढंच तिच्या डोक्यात अडकून राहिलं. चहा कुठवर झिरपलाय हे पाहायला तिने रबरबँड काढला, पानं सैल झाली, आणि एकेचाळिसावं पान वर आलं. त्यावर कोष्टक होतं. तुकिरान नावाच्या एका शेतकऱ्याच्या खाचरात तिने तीन महिने केलेल्या प्रयोगाचं कोष्टक: भातात सतत पाणी तुंबवून न ठेवता मधेमधे जमीन सुकू द्यायची, भोकं पाडलेला एक पाइप मातीत पुरायचा, आत पट्टी घालून पाणी किती खाली गेलं ते रोज मोजायचं, आणि पंधरा सेंटिमीटर खाली गेल्याशिवाय पाट उघडायचा नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार ती गावात असायची आणि स्वतः मोजायची. ते आकडे होते चौदा, अकरा, साडेबारा, सोळा, म्हणजे खऱ्या आकड्यांसारखे ओबडधोबड. सोमवार ते गुरुवार ती शहरात तासांना बसायची, तेव्हा पाक तुकिरान मोजायचे. पंधरा. पंधरा. पंधरा. पंधरा. बारा आठवडे, अठ्ठेचाळीस वेळा पंधरा. हे आकडे तिने स्वतः टाइप केले होते, आणि खाली 'मातीच्या एकजिनसीपणामुळे' असं भारदस्त कारणही दिलं होतं. प्राध्यापक सुमित्रो म्हणाले होते, इतके स्वच्छ आकडे मी फार वर्षांत पाहिले नाहीत. स्वच्छ! स्वच्छ असणारच. पंधरा हा आकडा तिनेच त्यांना सांगितला होता. त्यांनी तिला तो रोज इमानाने परत केला.

दुकानाबाहेरच्या फुटपाथवर ती कागद छातीशी धरून उभी राहिली. समोर बाकसोची गाडी होती, मांसाचे गोळे उकळणाऱ्या रश्शाची वाफ तिच्या तोंडावर येत होती, आणि तिला आठवत होती ती पहिली सकाळ. पाक तुकिरान बांधावर उकिडवे बसलेले, बोटांत लवंगेची सिगरेट, आणि ही उभी राहून, अर्धी शाळेतली इंडोनेशियन, अर्धी तोडकीमोडकी जावानीज असं करत त्यांना पाणी कधी बंद करायचं, कधी उघडायचं ते समजावत होती. दर वाक्याला ते म्हणत होते, "इंग्गिह, म्बाक." न थांबता, न विचारता, इंग्गिह. आपली भाषा एवढी सुधारली याचंच तिला कौतुक वाटलं होतं. रात्री वहीत तिने लिहिलं: शेतकरी पूर्ण सहमत. आता वाटलं, एखाद्या माणसाला साठ वर्षं कसलेल्या जमिनीबद्दल बावीस वर्षांच्या पोरीने तासभर शिकवलं आणि त्याला एकसुद्धा शंका आली नाही, हे तेव्हा कसं खटकलं नाही आपल्याला? माणूस विचारत नाही तेव्हा त्याला पटलेलं नसतं, हे बेकासीतल्या गल्लीतल्या भाजीवालीलाही कळतं. पण आपण तर शिकलेल्या.

शिकलेल्या म्हणजे तरी काय. चार वर्षं शेतीविद्येचा अभ्यास, आणि त्यातली साडेतीन पडद्यावरची चित्रं बघण्यात गेलेली. माती पाहिली ती प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी लावलेली. विद्यापीठाचं प्रात्यक्षिकाचं शेत चादरीएवढं, ते नांगरायला रोजंदारीचा माणूस, आणि विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने कुदळ हातात धरून फोटो काढून घ्यायचे. तिचाही होता तसा फोटो, आईने बैठकीत लावला होता. बाबांनी त्याकडे कधी नीट पाहिलंच नाही. ते स्वतः अशाच एका जावानीज खेड्यातून पळून शहरात आलेले. "चिखलातून मी तुम्हाला बाहेर काढलं," ते म्हणाले होते, "आणि तू फी भरून परत चिखलात जातेस?" म्हणूनच तिने प्रयोगशाळेचा सोपा विषय नाकारून खेड्यातलं खाचर मागून घेतलं. प्राध्यापक म्हणाले, रापशील. ती म्हणाली, रापू दे. एकदा तरी हात घालायचाच होता तिला त्यात, कोपरापर्यंत.

आणि घातला होता की! लावणीच्या दिवशी आठ बायका ओळीने वाकून, मागेमागे सरकत, पाण्याशी गप्पा मारल्यासारख्या रोपांच्या चुडा रोवत होत्या, आणि पालुपी त्यांच्यात उतरली होती. पोटऱ्यांपर्यंत गरम चिखल, बोटांच्या पेरांत मऊ गार मुळं, कमरेत कळ. दुपारपर्यंत तिने बारा ओळी लावल्या. बैल मुतत गेल्यासारख्या वाकड्या होत्या त्या, तिला दिसत होतं. पण पाक तुकिरानांची बायको बू पाईनेम म्हणाली, "बाई बाई, म्बाक, हाताला काय वळण आहे!" आणि आठही बायकांनी माना डोलावल्या. पुढच्या शुक्रवारी ती आली तर ओळी दोरीत धरल्यासारख्या सरळ. तिला वाटलं, रोप मूळ धरताना सरळ होत असेल. असं वाटलं तिला! शेतीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला! त्या वेळचे दोन्ही फोटो प्रबंधात होते, लागोपाठच्या पानांवर, आणि आता फुटपाथवर ती ते आळीपाळीने पाहत होती आणि तिचे कान तापत चालले होते. त्या बायकांनी तिच्या पाठीमागे सगळ्या चुडा उपटून पुन्हा लावल्या होत्या. घरी आलेल्या लहान मुलाने लाटलेली पोळी आपण कौतुक करून बाजूला ठेवतो, तसं. सगळ्यांना माहीत होतं, एक तिला सोडून.

ओळींचं जाऊ दे. ओळींनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडणार होतं ते नवव्या आठवड्यामुळे. भात पोटरीत आलं होतं, आत लोंब धरून पाती फुगल्या होत्या, आणि बू पाईनेमने केळीच्या पानावर कैरी, करमळ आणि मिरची कुटून खाचराच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली. "पोटुशी आहे ती," भाताबद्दल म्हणाली, "तिला आंबट नको?" पालुपीने हसून फोटो काढला. आणि त्याच दिवशी पाक तुकिरानांना सांगितलं, आता दहा दिवस पाणी अजिबात नाही. प्राध्यापकांना नेमकं हेच पाहायचं होतं, की ऐन पोटरीत पाणी तोडलं तर भात तग धरतं का. पाक तुकिरान भाताकडे बघत राहिले. सिगरेट बोटांत विझली. मग म्हणाले, इंग्गिह. कापणीला खाचराच्या दोन्ही भागांत, पाणी तोडलेल्या आणि तुंबवलेल्या, भात सारखं निघालं. त्रेसष्टाव्या पानावर निष्कर्ष होता: पोटरीतही पाणी तोडल्याने उत्पन्नात घट नाही. प्राध्यापक खूश झाले, त्यांनी त्यावरून शेतकऱ्यांसाठी पत्रक लिहिलं, आणि पुढच्या हंगामात ते जिल्हाभर वाटलं जाणार होतं. म्हणजे कुठल्या तरी गावातला, कागदावर विश्वास ठेवणारा एखादा भला माणूस ते वाचेल, पोटरीतल्या भाताचं पाणी तोडेल, आणि कापणीला त्याच्या हाती येईल नुसतं पळंज, पोकळ फोलपटं. पालुपीचं नाव वाचून.

किंवा येणारही नाही. कदाचित पाक तुकिरानांनी खरंच पाणी तोडलं असेल. कदाचित पंधरा खरंच पंधरा असेल. हे 'कदाचित' तिला सर्वांत असह्य झालं. तिने बाकसोच्या गाडीला वळसा घातला आणि पाक तुकिरानांच्या गावाला, क्लातेनकडे जाणारी बस पकडली.

बसमध्ये तिने प्रश्नांची तालीम केली. मऊ भाषेत, मोठ्यांशी बोलायच्या, जी ती वर्गात शिकावी तशी वहीतून शिकली होती. घरी जावानीज होती ती बाबांची, खालची, रांगडी, फुटबॉल बघताना आणि पाय टेबलावर आपटला की निघणारी. मऊ भाषेत प्रश्न कितीही जुळवला तरी त्याचं उत्तर इंग्गिहच येणार असं वाटायचं. नाहीला त्या भाषेत शब्द आहे, पण तो तिने कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तीन महिने दर आठवड्याला ती पाक तुकिरानांच्या घरी राहिली, सोयाबीनचं तेम्पे खाल्लं, गोड चहा प्यायली, आजारी पडली तेव्हा बू पाईनेमने तिच्या पाठीला नाणं घासून वारा काढला, आणि एवढ्यात तिला एकदाही कुणी चूक म्हणालं नाही. तिला आधी ते प्रेम वाटलं होतं. आता तेच एखाद्या बंद दारासारखं वाटू लागलं, ज्याच्यावर सुंदर नक्षी आहे.

पाक तुकिरान खाचरातच होते. नव्या हंगामाची लावणी चालू होती. बू पाईनेम आणि आणखी चार बायका वाकून मागे सरकत होत्या, आणि ते बांधावरून रोपांच्या जुड्या त्यांच्या मागे फेकत होते. तिला पाहून ते इतके हसले की तिला रडूच आलं असतं. "या, म्बाक! जेवण झालं का?"

"पाक, एक विचारायचं होतं. गेल्या हंगामात मी नव्हते त्या दिवशी तुम्ही पाइपात पट्टी घालून मोजत होता ना?"

"इंग्गिह."

"रोज?"

"इंग्गिह."

"आणि पोटरीत असताना? दहा दिवस पाणी बंद केलं होतं?"

"इंग्गिह, म्बाक." ते पायाशी बघत होते.

"म्हणजे केलं नव्हतं?"

"इंग्गिह."

"केलं होतं की नव्हतं?"

"इंग्गिह, इंग्गिह. ऊन फार आहे, सावलीला चला. पाईनेम चहा ठेवेल."

आणि मग पालुपीच्या तोंडून तालमीतलं काहीच निघालं नाही. निघाली ती बाबांची भाषा. "चहा नको मला! तू खोटं बोललास! तीन महिने मला येड्यात काढलंस! पाणी तोडलंस की नाही, एवढं सांगता येत नाही तुला? तोंड आहे ना?"

'तू' हा शब्द चिखलावर पडून तिथेच राहिला. पाचही बायका वाकल्या होत्या तशाच थिजल्या. सत्तरीच्या माणसाला, भर शेतात, नातीच्या वयाच्या पोरीने. असं या गावात वेड लागलेला माणूसदेखील करत नाही. पालुपीला शब्द परत घ्यायला मऊ भाषेत काय म्हणतात ते आठवेना.

पाक तुकिरानांनी हातातली जुडी खाली टाकली. चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं, आणि त्याखाली एक दमलेला, तापट म्हातारा होता, जो तिने आजवर पाहिलाच नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "नाही तोडलं. तू नसताना एक दिवस नाही तोडलं! तुझी ती पट्टी मी पेटीत ठेवली होती. रेताड माती आहे ही, डोंगराची राख. गुरुवारी सकाळी बांध फोडला की शुक्रवारी तू येईस्तोवर पाणी पार खाली. तू गेलीस की परत भरायचो. कळलं आता? पोटुशीला दहा दिवस तहानलेली ठेवू? तुझ्या कागदासाठी?"

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"पाहुण्याला सांगतात होय?"

"तीन महिने पाहुणी?"

"मग काय! उभं राहून शिकवतेस. बांधावर कधी बसलीस माझ्याशेजारी? 'का' असं विचारलंस एकदा तरी? आली आणि सांगितलंस, सांगितलं आणि लिहिलंस!" त्यांचा आवाज चिरका झाला. "मी इंग्गिह म्हटलं. दुसरं काय म्हणणार?"

बू पाईनेम पाण्यातून हळूच म्हणाली, "अहो, पुरे." ते गप्प झाले आणि सिगरेट शोधू लागले. खिशातच असलेली ती त्यांना सापडेना, आणि पालुपीला आपण काय केलंय ते तेव्हा खरं कळलं.

बांधाच्या टोकाला जाऊन तिने प्राध्यापक सुमित्रोंना फोन लावला. आकडे खोटे आहेत, म्हणाली. 

"किती दिवसांचे?"

"सोमवार ते गुरुवार. सगळे. आणि पोटरीतला निष्कर्ष तर पुराच."

"पालुपी, पत्रक छापायला गेलंय."

"थांबवा, सर."

"हे सत्र जाईल तुझं. पुन्हा पूर्ण हंगाम करावा लागेल."

"करते."

"कुठं? त्याच शेतात?"

तिने मागे वळून पाहिलं, आणि फोन तसाच धरून मोठ्याने विचारलं, या वेळी मऊ भाषेत, माफीसकट. पुढच्या हंगामात खरंच पाणी तोडायचं असेल तर खाचर द्याल का? पाक तुकिरानांनी सिगरेट पेटवली. "नाही," ते म्हणाले. "माझ्या शेतात नाही. दुसरीकडं बघ." तीन महिन्यांत जो शब्द तिने एकदाही ऐकला नव्हता, तो एका दुपारी दुसऱ्यांदा मिळाला, आणि चांगलाच झोंबला. प्राध्यापकांनी ते ऐकलं असावं. "उद्या दहाला ये," ते म्हणाले, "परीक्षा नाही होणार, पण ये," आणि फोन बंद झाला.

झालं. परीक्षा गेली, हंगाम गेला, शेतही गेलं. बाबांना सांगायचं होतं, ते वेगळंच. चिखलात फीचे पैसे पुरले, असं काहीतरी ते म्हणतील, आणि त्यांना उत्तर द्यायला तिच्याकडे कागदाचा हा गठ्ठा होता, चहाचा डाग पडलेला.  एवढ्या लांब येऊन खरं कळलं, आणि खरं कळून हाती काय आलं? इतकी चीड तिला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती कुणावर काढायची तेही समजत नव्हतं, कारण कुणीच तिचं वाईट चिंतलं नव्हतं.

"न्दुक!"

तिने पाहिलं. हा शब्द गावातल्या बाया आपल्या लेकीसुनांना हाक मारायला वापरतात. बू पाईनेम कमरेवर हात ठेवून उभी होती.

"न्दुक, उभी काय राहिलीस खांबासारखी? शेवटची बस साडेपाचला आहे. कागद ठेव तिथं आणि उतर खाली. पँट वर कर. अजून वर!"

पालुपी उतरली. बू पाईनेमने तिच्या हातात जुडी कोंबली. तिने वाकून चूड रोवली, म्हातारीने लगेच उपटली. "खोल गेली. गुदमरेल." तिने पुन्हा रोवली. "आता वर राहिली, वाऱ्याने तरंगेल." पुन्हा. "चार काड्या कशाला, लग्नाची वरात आहे? दोन घे!" पुन्हा. "पुढं बघू नको, पायाकडं बघ, मागं सरक, माझ्या ओळीवर पाय देशील, आंधळी आहेस का?" शेजारच्या बायका आता उघड उघड हसत होत्या. बांधावरून पाक तुकिरान ओरडले, "तिला म्हणावं, मनगट नको, बोटं वापर!" पालुपीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. ती लावत होती, म्हातारी उपटत होती, ती दात खाऊन पुन्हा लावत होती.

बसची वेळ होईपर्यंत तिने अकरा ओळी लावल्या. त्यांतली शेवटची बू पाईनेमने उपटली नाही.